पाचवा नट

मुनीरचाचानं पहिले पंधरा दिवस
मला पान्याला हात लावू दिला नाही.
तारेचा ब्रश दिला. म्हणाला, आटे घास.
हबवरचा गंज घास, रिमच्या पाठीची माती घास.
चाक लोखंडाला टेकलं पायजे,
चौसाळ्याच्या धुळीला नाही.

मग बोटानं नट चढवायला शिकवलं.
बोटाला जे आडवं जातंय
ते पान्यानं सरळ होत नसतंय, पोरा.
तरी एकदा मी वाकडा चढलेला नट रेटलाच.
आट्यांचा रुपेरी चुरा निघाला.
तो त्यानं माझ्या तळहातावर ठेवला
आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत पुसू दिला नाही.

ऑइल लावू नको, हे काय शिलाई मशीन हाय का?
पान्याला पाइप लावून वर नाचू नको,
स्टड ताणला की जीव जातो त्याचा, दिसत नाही.
आणि ओळीनं, गोल गोल आवळायचं नाही कधी.
एक आवळला की त्याच्या पल्याडचा.
पाच नट असले की चांदणी काढायची,
पाटीवर पेन्सिल न उचलता काढतात तशी.
जॅक उतरव, चाक भुईला टेकू दे,
शेवटचा पीळ तेव्हा.

त्या दिवशी बाजार होता.
आश्रुबा ढाकणेची काळीपिवळी जॅकवर,
मागं उसाच्या ट्रॅक्टरवाल्याची बोंबाबोंब,
कुणाची तरी ट्यूब, कुणाचं तरी सुट्टे नाहीत.
चाचा नमाजाला गेलेला.
मी चांदणी काढत होतो.
जॅक उतरवला, पैसे घेतले, जीप गेली.

रात्री बाजेवर पडल्यापडल्या
बोट आपोआप गोधडीवर फिरायला लागलं.
एक, पल्याडचा, खालचा, वरचा.
चार रेघा आठवल्या.
पाचवी आठवेना.

उठलो. पाना घेतला, बॅटरी घेतली,
बापाची मोटारसायकल गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली.
मांजरसुंब्याच्या चढावर ट्रकांचे दिवे,
हरभऱ्याचा आंबट वास, कानात वारं.
नेकनूरच्या पुढं वळलो तेव्हा साडेअकरा झाले होते.

आश्रुबा कानटोपीत बाहेर आला.
"काय रं, पैसे कमी दिले का मी?"
"नाही. नट बघायचेत."
"आत्ता? सकाळी बघितलं तं चाललं नसतं का?"
सकाळी सात वाजता त्यात शाळेची पोरं बसतात,
हे त्याला माहीत होतं. मलाही.
त्यानं बॅटरी धरली.

पहिला हलला नाही. दुसरा, तिसरा नाही.
चौथाही नाही.
मला वाटलं, उगंच आलो,
आता ह्याची माय उठून चहा टाकणार
आणि गावभर माझी गोष्ट होणार.
पाचव्याला पाना लावला.
तो फिरला.
नुसता फिरला नाही, अर्धा आटा आरामात फिरला,
जशी रिकाम्या रांजणात पळी फिरते.

आश्रुबा काही बोलला नाही.
मीही नाही.
आवळला. मग पाचही पुन्हा, समोरासमोर.
त्याच्या मायनं खरंच चहा टाकला होता,
गुळाचा. फाटलेला.
आम्ही दोघांनी तो बशीत ओतून फुंकत प्यालो.

चाचाला मी सांगितलं नाही.
सकाळी दुकान उघडून
पिवळ्या ऑइलपेंटचा डबा फोडला,
एक बारका ब्रश घेतला.
तेव्हापासून आवळून झालेल्या प्रत्येक नटावर
मी एक रेघ ओढतो, नटावरून रिमपर्यंत.
सरकला की रेघ तुटलेली दिसते.
चाचानं ती बघितली,
डब्याचं झाकण नीट लावायला सांितलं, वाळतो म्हणाला.

आता गिऱ्हाईक विचारतं, झालं का?
मी म्हणतो, पन्नास किलोमीटर चालवा
आणि परत या. फुकट बघून देतो.
बरेच जण येत नाहीत.
आश्रुबा येतो,
दर वेळी,
जीपमधून उतरायच्या आधीच विचारतो,
पाचवा बघितला का?